पाच बोटांचे बूट

माझ्या नणंदेच्या पायात ते बूट मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला जे झालं, त्याला जळणं म्हणतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी चुलीवर भाकरी टाकत होते. ती समोर ओट्यावर पाय लांब करून एकेक बोट बुटाच्या एकेका खणात घालत होती, लेकराला झबल्याची बाही चढवतात तसं. शेजारी माझा नवरा उकिडवा बसून तिला सांगत होता, "अंगठा आधी घाल. बाकीचे मंग आपोआप जातेत." माझी भाकर करपली. सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कुठी आहे तुझं?" माझं ध्यान कुठं होतं ते त्यांना चांगलं दिसत होतं.

तसले बूट आमच्या गावात कुणीच पाहिले नव्हते. काळे, पातळ तळाचे, आणि पाचही बोटांना वेगवेगळी घरं. हातमोजे असतात ना, तसे पायाचे. वरून एक पट्टी, ती उचकटली की खर्रकन आवाज व्हायचा. गावातली पोरं त्यांना माकडाचे पाय म्हणत. हसू मलाही आलं असतं, ते बूट माझे असते तर.

आमचं गाव ताडोबाच्या एका फाटकाला लागून. दोन हजारचं दशक संपत आलं होतं, रिसॉर्ट एकामागून एक उभे राहत होते आणि माझा नवरा जिप्सी चालवायचा. सकाळ-संध्याकाळ पर्यटकांना वाघ दाखवायला न्यायचं, हेच काम. एक परदेशी मॅडम हिवाळ्यात येऊन राहिली होती. ती रोज उजाडल्यावर हे बूट घालून फाटकाच्या रस्त्यानं धावायची. जाताना तिनं ते माझ्या नवऱ्याला देऊन टाकले. त्यानं घरी येऊन एवढीच हकीकत सांगितली, आणि बूट बहिणीच्या मांडीवर ठेवले.

धावणारी घरात ती एकटी नव्हती. मी होते. उलट मी आधीपासूनची. शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत पहिली यायची मी. लग्न झालं, या घरात आले, आणि माझं पाहून ही पोरगी धावायला लागली. कमरेत ओढणी खोचून कसं धावायचं, श्वास कसा धरायचा, ते मी शिकवलं तिला. आता जिल्ह्यात पोलीस भरती निघणार होती. मुलींना तीन किलोमीटर धावायचं, आणि खरी गाळणी तिथंच व्हायची. घरात ठरलं होतं की दोघींनी एकदा देऊन पाहायचं, एकदाच. जी लागेल ती जाईल. नणंद राहिली तर तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू होणार होतं. मी राहिले तर काय, चूल होतीच. मला माझं वय माहीत होतं. पुढची भरती निघेपर्यंत मी त्यात बसणार नव्हते. मला ती नोकरी हवी होती, एवढी, की झोपेतसुद्धा माझे पाय हलायचे म्हणून नवरा कुरकुर करायचा.

म्हणून मी विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं, हातात उलथणं घेऊन. "अन् मले काऊन नाई?"

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या बोटात जोडवे आहेत. ह्याच्यात बोट जाईन का तुझं? फाटून जाईन तो."

सासूबाईंनी मान डोलावली. झालं, निकाल लागला. आमच्याकडं विहारातल्या बैठकीत किती वेळा सांगून झालं होतं की जुन्या चालीरीती सोडा. सासूबाई तिथंही अशीच मान डोलवायच्या आणि घरी येऊन आधी माझ्या पायांकडं पाहायच्या. जोडवी त्यांनी स्वतः घालून दिली होती, बंद वेढ्याची, चांदीची. लग्नाच्या आधी मला पाहायला आल्या तेव्हाही त्यांनी चेहऱ्यापेक्षा माझे पाय जास्त निरखले होते. माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब आहे. अशी बाई नवऱ्याला मुठीत ठेवते म्हणे. ठेवलं असतं तर बूट माझ्या पायात असते की नाही, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर आम्ही दोघी. आमच्याकडं अंधारात धावता येत नाही, वाघ काय भरतीची तयारी आहे म्हणून रस्ता सोडत नाही. उजाडलं, पहिली एसटी गेली, की निघायचं. मी अनवाणी. कॅनव्हासचे बूट होते एक जोडी, पण त्यात चवडा दाबायचा आणि जोडवं शेजारच्या बोटाला टोचायचं, म्हणून मी ते सोडून दिले होते. ती पुढं, तिच्या बुटांचा चट्‌चट्‌ आवाज करत. येणारी-जाणारी माणसं तिच्या पायांकडं पाहत. मोहफुलं वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून पाहत. माझ्याकडं कोण पाहतंय?

"कसे वाटतात?" मी विचारलं एकदा. न विचारता राहवेना.

"वयनी, घातलेच नाईत असे वाटतात," ती म्हणाली. "खडा समजते, पण टोचत नाई."

मी त्या रात्री जेवले नाही नीट. घातलेच नाहीत असे वाटतात म्हणे. मी तर खरंच घातले नव्हते, मला विचार म्हणावं कसं वाटतं ते.

एक सुख मात्र मिळालं. पहिल्या आठवड्यात तिच्या पोटऱ्या भरून आल्या. त्या बुटांना टाच नसते, सगळा भार चवड्यावर येतो, ज्याला सवय नाही त्याच्या पोटऱ्या धरतात. ती भिंतीला धरून चालायची आणि मी आतून गार व्हायची. आणखी एक मी पाहून ठेवलं होतं. तिचा पाय रुंद आणि बोटं आखूड. तिची करंगळी बुटातल्या खणाच्या टोकापर्यंत पोचायचीच नाही. रिकामं टोक दुमडायचं आणि धावताना अडकायचं. मग ती त्यात कापूस भरायची. रोज सकाळी ओट्यावर बसून करंगळीच्या खणात बोळा कोंबायची. मला वाटायचं, अगं, जे आपल्या मापाचं नाही ते इतकं कोंबून कशाला घालावं. पण बोलले नाही. पोरगी चांगली होती, हाच त्रास होता. घरी आली की माझ्या हातातली कळशी घ्यायची, मला बसवून स्वतः पाणी भरायची. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

एका दुपारी ती तळ्यावर धुणं घेऊन गेली, सासूबाई शेजारी बसायला गेल्या, आणि मी दार लोटून ते बूट घेतले. अंगठा आधी. मग बाकीचे. काय सांगू, तिसरं, चौथं, करंगळी, सगळी बोटं आपापल्या घरात गेली. करंगळीतला कापूस काढल्यावर तिथं माझं बोट टोकापर्यंत बसलं. आणि अंगठ्याशेजारचा खण लांब होता, माझ्या बोटाएवढा. त्या मॅडमचा पाय हुबेहूब माझ्यासारखा असणार. फक्त जोडव्यापाशी आल्यावर बोट अडलं. मी ओढलं, दाबलं, साबण लावला. बोट लाल झालं, जोडवं हललं नाही. इतक्या वर्षांत ते कातड्यात रुतून बसलं होतं. मी बूट काढले, कापूस परत भरला, होते तिथं ठेवले. आणि ठरवलं.

बाजाराच्या दिवशी चांदीचं काम करणारे एक चाचा झाडाखाली बसायचे. आधी त्यांचे वडील बसायचे त्याच जागी. आख्ख्या परिसरातल्या बायांची पैंजणं त्यांच्या हातून गेलेली. मी समोर बसले, पाय पुढं केला आणि म्हटलं, "हे कापून द्या."

चाचांनी हातातली पकड खाली ठेवली. माझ्या कपाळाकडं पाहिलं, गळ्याकडं पाहिलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "बेटी, घर में सब ठीक है ना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. जोडवी कापून घ्यायला बाई कधी येते? मी म्हटलं, "ठीक आहे चाचा. जिप्सी चालवून राह्यला तो. मले धावायचं आहे."

"दौडने के लिए?"

"हो."

त्यांनी पुन्हा विचारलं, नवऱ्याला माहीत आहे का म्हणून. मी म्हटलं, आहे. मग त्यांनी जोडव्याखाली कागदाची पट्टी सरकवली, माझं कातडं वाचवत एक तोडलं, दुसरं तोडलं, आणि तुकडे कागदात बांधून देताना माझ्याकडं पाहायचं टाळलं. माझ्या बोटांवर दोन गोल पट्टे राहिले होते, पांढरे आणि मऊ. तिथल्या कातड्याला ऊनवारा माहीतच नव्हता.

घरी जे व्हायचं ते झालं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. नणंदेचे डोळे भरले. संध्याकाळी नवरा आला. मी त्याच्यासमोर मोकळे पाय लांब करून बसले.

"हे काय?"

"आता जाते बोट," मी म्हटलं. "आता द्या."

त्यानं माझ्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी जित्ता हाओ अजून." मी म्हटलं, तुम्ही जित्ते आहात म्हणूनच तुमच्याजवळ मागून राह्यली, नाहीतर कोणाजवळ मागणार? तो उठला. दारात जाऊन उभा राहिला आणि पाठमोराच म्हणाला, "तिले सवय झाली आता. भरती तोंडावर आहे. आता बदलवून चालत नाई."

म्हणजे जोडव्यांचं नुसतं निमित्त होतं. मी जोडवी कापून आले तरी बूट बहिणीलाच. माझ्या अंगाची लाही लाही झाली. बहिणीवर जीव असावा, पण किती? आपल्या बायकोनं बाजारात बसून पायातली चांदी तोडून आणली तरी पाझर फुटू नये इतका? नणंद मागून आली, म्हणाली, "वयनी, तू घाल ना, मी दादाले सांगतो." मी म्हटलं, "मले भीक नको." आणि खरंच नको होती. मला ते तिच्या हातून नको होते, त्याच्या हातून हवे होते.

त्याचा डबा मात्र मी रोज करत होते. रिसॉर्टवर ड्रायव्हरांना जेवण मिळायचं, सगळे तिथंच जेवायचे. हा एकटा माझ्या हातचा डबा घेऊन जायचा. मला वाटायचं, मुद्दाम काम वाढवतो माझं.

भरतीला तोच आम्हाला चंद्रपूरला घेऊन गेला. मैदानावर मुरूम टाकलेला. छातीवर नंबर लावलेल्या पोरीच पोरी, निम्म्या अनवाणी. नवरा दोरीच्या पलीकडं उभा. नणंद खाली बसून बोटं खणांत घालत होती, आणि मी पाहिलं, घाईत तिनं कापूस जरा जास्तच भरला.

शिट्टी वाजली. पहिला फेरा ती माझ्या पुढंच होती, चट्‌चट्‌, चट्‌चट्‌. मी त्या आवाजाच्या मागं धावत होते. दुसऱ्या फेऱ्यात माझ्या बोटांना आग लागली. जोडवी होती तिथलं मऊ कातडं मुरमावर सोलून निघालं होतं. बाकी तळवा दगड झालेला, आणि नेमकी तीच जागा उघडी. मी मनात नवऱ्याला, सासूबाईंना, त्या मॅडमला, सगळ्यांना शिव्या घातल्या. शिव्या घालताना माझा वेग वाढतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. मग पुढचा आवाज बदलला. चट्‌ आणि मग घासल्यासारखं काहीतरी. ती उजवा पाय कडेनं टाकत होती. करंगळीतला बोळा सरकला होता. मी तिच्या बाजूनं निघून गेले. ती धापा टाकत म्हणाली, "जाय वयनी, जाय." आणि मी गेले. थांबायचं कशाला?

मी लागले. ती राहिली.

घरी आल्यावर नवऱ्यानं पाणी गरम केलं, त्यात मीठ टाकलं, आणि बहिणीचा पाय त्यात धरून बसला. तिच्या करंगळीला फोड आला होता, त्यावर हळद लावली, फडकं बांधलं. माझ्या दोन्ही बोटांवर गोल जखमा होत्या, रक्त सुकून काळं पडलं होतं. मी माझे पाय न्हाणीत जाऊन स्वतः धुतले. मी जिंकून आले होते आणि ओट्यावर हरलेलीच्या पायांची पूजा चालली होती. पुढं निकाल कळला तेव्हा तो म्हणाला, "चांगलं झालं." हे तो अशा सुरात म्हणाला की कुणाला वाटावं, घरातलं कुणीतरी गेलं. मी मनात म्हटलं, बहिणीचं दुःख आहे.

ट्रेनिंगचे महिने जड बुटांत गेले. मग पोस्टिंग मिळालं जिवतीला. डोंगरावरचा तालुका, सीमेपलीकडं आंध्र, वारा असा की वाळत घातलेली वर्दी पकडून ठेवावी लागायची. मी खोली घेऊन एकटी राहत होते. नवरा अधूनमधून यायचा, खायचा, भिंतीकडं पाहत बसायचा, जायचा. मलाही बोलायचं नसायचं.

एका सकाळी एसटीच्या ड्रायव्हरनं एक पिशवी आणून दिली. नणंदेनं पाठवलेली. लाखोळीची डाळ, चिंचेचा गोळा, आणि खाली तिच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेले ते बूट. धुऊन वाळवलेले. उजव्या करंगळीच्या खणात कापूस तसाच राहिला होता.

मी कापूस काढला. बूट घातले. आता कुठंच काही अडलं नाही. दुसरं बोट सरळ त्याच्या घरात गेलं. मी खोलीबाहेर येऊन रस्त्यावर थोडी धावले आणि पोरगी बोलली होती ते पटलं. खडा समजत होता, टोचत नव्हता. जीव सुखावला आणि तेवढ्यातच जळला, की हे शेवटी दिले तर तिनंच दिले. त्यातही तीच पुढं.

दुपारी कॉईन बॉक्सवरून तिला फोन केला. ती तेव्हा रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती.

"बसले?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"बसले."

"बसनारच होते. ती मॅडम आली होती वयनी, यावर्षी पुन्हा. मी चहा घेऊन गेली. दादाची बहीण आहो म्हनून सांगतलं त मले म्हने, त्याच्या बायकोले बूट बसले का? मी म्हटलं, बायकोले? त म्हने, मी त बायकोसाठीच दिले होते. विचारलं होतं मी त्याले, तिच्या पायाले होतीन का? तो म्हने, बरोब्बर होतीन."

मी आणखी एक नाणं टाकलं. मागं फोनसाठी माणसं रांगेत उभी होती.

"मी दादाले विचारलं मंग," ती म्हणाली. "पहिले त टाळलं त्यानं. मंग म्हने, तिले दिले असते त ती लागली असती."

"लागलीच ना," मी म्हटलं. "बिनाबुटाची लागली."

"हो ना. मी पन हेच म्हटलं त्याले."

त्या रविवारी तो आला. रिकामा डबा घेऊन आला होता. जाताना भरून न्यायचा असायचा त्याला. जेवला. बूट मी धुऊन खिडकीत ठेवले होते, ते त्याला दिसले, आणि त्यानं नजर फिरवली. मग खिशातून कागदाची पुडी काढली. नवी जोडवी होती. तो खाली उकिडवा बसला, जसा बहिणीपुढं बसायचा तसा, माझा पाय मांडीवर घेतला आणि एक घातलं, मग दुसरं. सैल नाही, घट्ट नाही. चाचांनी माझा पाय समोर ठेवून केली असती तरी इतकी बरोबर आली नसती.

"माप कोणाले विचारलं?" मी म्हटलं.

"विचारायले काऊन पाह्यजे?" तो हसला. लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायचा तसा. "तुझा पाय मले माहीत नाई का?"

"माहीत आहे," मी म्हटलं. "त्या मॅडमलेही तुमी तसंच सांगतलं होतं."

त्याचं हसू गेलं. माझा पाय त्याच्या मांडीवर तसाच होता, आणि त्यावर ठेवलेला त्याचा हात गार पडलेला मला कळत होता. इतके दिवस मी त्या पोरीवर जळत होते, आणि हा माणूस माझ्यावर जळत होता. नाही, माझ्यावरही नाही. माझ्या धावण्यावर. मी त्याच्याजवळून जाईन म्हणून.

"काढा ते," मी म्हटलं. "सकाळी मले धावाले जायचं आहे."

 मान खाली घालून त्यानं दोन्ही जोडवी एकेक करून काढली आणि पुडीत परत बांधली.